रोबो व्हॅक्यूमची वेळ लावण्याआधी डॉकचा (चार्जिंग स्टँडचा) स्विच बघा

घर झाडणाऱ्या रोबो व्हॅक्यूमवरच्या एका लेखात रोबोला रोज सकाळी ९ची वेळ द्या म्हटलंय. मुंबईत बऱ्याच घरी तेव्हाच बाई लादी पुसतात, आणि ओल्या लादीवर धुळीचा चिखल होऊन ब्रशला चिकटतो. पुसण्याच्या तासभर आधीची वेळ बरी. बाथरूमची लादी दीड-दोन सेंटिमीटरच खाली असेल तर रोबोच्या खालचा, उतार ओळखणारा सेन्सर फसू शकतो. रोबो उतरतो, पण त्याला वर चढता येईलच असं नाही. ॲपच्या नकाशात दारावर नो-गो झोन (रोबोला जायला मनाई असलेला भाग) आखा, दार बंद ठेवण्यावर विसंबू नका! रोबो वाय-फायला जोडायला राउटरचा २.४ गिगाहर्ट्झ बँड चालू हवा. बरेच रोबो ५ गिगाहर्ट्झवर जोडलेच जात नाहीत. आणि बाहेर पडताना सवयीने डॉकचा स्विच बंद केला जातो आणि रोबो चार्ज होत नाही, म्हणून त्या स्विचवर चिकटपट्टी मारा.