मर्यादित नाणं घ्या, वर्षात तिप्पट करा? आधी हिशेब मांडू

व्हॉट्सअ‍ॅपवर सध्या एक मजकूर फिरतोय. फोंडा, डिचोली, पेडणे भागांतले गट असोत की पणजी-म्हापशातले, शब्द थोडे बदलतात, गाभा तोच राहतो. सरकारी टाकसाळीची स्मारक नाणी 'लिमिटेड एडिशन' असतात, ती पुन्हा निघत नाहीत. एक घेऊन कपाटात ठेवलं की वर्षभरात दुप्पट-तिप्पट होतं. अगदीच भाव पडला तरी चांदी आहेच, सोनाराकडे नेऊन मोडता येते. घरातली जुनी पोर्तुगीज नाणी आणि वैष्णोदेवीचं पाच रुपयांचं नाणंही लाखांत जातं, रिझर्व्ह बँकेकडे नोंदणी केली की झालं.

यातला प्रत्येक मुद्दा वेगवेगळ्या कारणानं चुकतो. काही मुद्द्यांत अर्धं सत्य आहे आणि माणूस फसतो तो त्या अर्ध्यापायीच.

"संख्या मर्यादित असते, नंतर मिळत नाही."

प्रत्येक स्मारक नाण्यासाठी केंद्र सरकार राजपत्रात अधिसूचना काढतं. तिच्यात दर्शनी किंमत, आकार, व्यास, कडेवरच्या दातऱ्यांची संख्या, धातूंचं प्रमाण, वजन व त्यात चालणारी सूट, आणि दोन्ही बाजूंच्या चित्रांचं वर्णन असतं. नव्या संसद भवनाच्या उद्घाटनाला, 28 मे 2023 रोजी आलेलं 75 रुपयांचं नाणं घ्या. 44 मिमी व्यास, 200 दातऱ्या, 50 टक्के चांदी, 40 टक्के तांबं, 5 टक्के निकेल, 5 टक्के जस्त, वजन 35 ग्रॅम, त्यात 34.65 ते 35.35 इतकी सूट. एवढं सगळं बारकाईनं लिहिलंय. किती नाणी पाडणार हा आकडा मात्र तिथे नाही.

मर्यादा असेल तर ती टाकसाळीकडे आगाऊ मागणी नोंदवण्याच्या मुदतीची असते, आणि मुदत पुन्हा उघडायला अधिसूचना आड येत नाही. मागणी आली की पुन्हा पाडायचं, हे आपल्या टाकसाळींना नवं नाही. ब्रिटिश काळातल्या नाण्यांच्या प्रूफ (संग्राहकांसाठी खास आरशासारख्या चकचकीत पाडलेल्या) प्रती मुंबई आणि कलकत्त्याच्या टाकसाळींनी मूळ वर्षानंतर कितीतरी वर्षांनी संग्राहकांसाठी पुन्हा पाडून दिल्या. त्यांना रीस्ट्राइक म्हणतात आणि मूळ प्रतीपेक्षा त्यांना भाव कमी मिळतो. म्हणून विक्रेता 'फक्त इतकीच निघाली' म्हणाला, तर तो आकडा कुठून आणला हे विचारा. टाकसाळीचं पत्रक दाखवता आलं नाही, तर त्या आकड्यापोटी एक रुपयाही जास्त मोजू नका.

आणि नाणं खरंच कमी निघालं, म्हणून महाग होईलच असं नाही. घेणारे त्याहून कमी असले की भाव हलत नाही.

"वर्षभरात दुप्पट-तिप्पट."

हा आकडा येतो विक्रीच्या संकेतस्थळांवरच्या मागणीच्या किमतीतून. आठ हजारांचा फलक लावायला कुणाचीच आडकाठी नाही. त्या किमतीला नाणं गेलं का, हे पाहायचं. लिलावगृहांच्या संकेतस्थळांवर झालेल्या लिलावांचे निकाल असतात. त्यांत तेच नाणं, तोच प्रकार (प्रूफ की अनसर्क्युलेटेड, म्हणजे चलनात न फिरलेलं साधं), तेच वेष्टन शोधा आणि हातोडा पडलेली किंमत घ्या. एक निकाल पुरत नाही, निदान चार-पाच पाहा.

समजा, टाकसाळीकडून नाणं 4,000 रुपयांना पडलं आणि खरोखर विकलं गेलं 6,000 ला. संकेतस्थळाची दलाली 10 टक्के धरली तर 600 गेले. विमा उतरवलेलं पार्सल, डबा, फोम, सगळं मिळून 250. हातात 5,150. हे सगळं सुरळीत झालं तर. घेणाऱ्यानं 'कॅप्सूलवर ओरखडा आहे' म्हणत परत पाठवलं, तर दोन्हीकडचं टपाल तुमच्या अंगावर. व्यापाऱ्याला विकायला गेलात, तर जे तो 6,000 ला विकणार त्याचे तो 4,000 च्या आसपास किंवा त्याहून कमीच देणार. त्याचं भांडवल अडकतं, दुकानाचं भाडं असतं. तिप्पट भावाच्या फलकातली मोठी फट मधल्या हातांत जाते, तुमच्या कपाटात येत नाही.

भाव खरंच चढतो तो एका अरुंद काळात: नोंदणी बंद झाली पण नाणी अजून पोचली नाहीत, तेव्हा. ज्यांची नोंदणी हुकली ते त्या उतावळीत जास्त मोजतात. पार्सलं घरोघरी पोचली की विकणारे एकदम वाढतात आणि भाव खाली बसतो. बरेच खरेदीदार नेमके चढ्या भावाच्या त्या आठवड्यांत घेतात. स्वतःच्या संग्रहासाठी हवं असेल, तर वाट पाहणं हीच मोठी बचत.

"चांदी तर आहेच, भाव पडला तरी मोडता येतं."

सगळ्यात जास्त लोक या वाक्यावर विसावतात, म्हणून इथे थोडं थांबू.

आधी चांदी किती ते पाहू. 35 ग्रॅमच्या, 50 टक्के चांदीच्या नाण्यात शुद्ध चांदी साडेसतरा ग्रॅम. दर ग्रॅमला 100 रुपये असेल तर 1,750 रुपयांची, 150 असेल तर 2,625 ची. रिझर्व्ह बँकेला 90 वर्षं झाली त्या निमित्तानं 1 एप्रिल 2024 रोजी आलेलं 90 रुपयांचं नाणं वेगळं: 40 ग्रॅम, 99.9 टक्के शुद्ध, म्हणजे 39.96 ग्रॅम चांदी. दोन्ही 'चांदीची नाणी' म्हणून एकाच रांगेत मांडलेली दिसतात, पण एकात दुसऱ्याच्या निम्म्याहून कमी चांदी आहे. किंमत विचारण्याआधी अधिसूचनेतलं धातूंचं प्रमाण वाचा.

आता मोडण्याचं. 2011 च्या नाणे कायद्यात 'नाणं' या शब्दाच्या व्याख्येतच स्मारक नाणं धरलंय, आणि कलम 12 नुसार नाणं वितळवणं किंवा नष्ट करणं मना आहे. त्याची शिक्षा सात वर्षांपर्यंतच्या कैदेपर्यंत जाते. म्हणजे ज्या चांदीच्या आधारावर तुम्ही निर्धास्त, ती चांदी कायद्यानं बाहेर काढताच येत नाही. सोनारानं नकार दिला तर तो अडवणूक करत नाही. शिवाय 50 टक्क्यांच्या मिश्रणातून तांबं, निकेल, जस्त वेगळं काढायला शुद्धीकरणाचा खर्च येतो, तो वेगळाच.

आणखी एक गफलत इथेच होते. चांदी महागली म्हणून नाणं महागलं, तर त्याला नाण्याची कमाई म्हणत नाहीत. उदाहरणादाखल आकडे मांडू. चांदी ग्रॅमला 75 असताना 40 ग्रॅमचं शुद्ध नाणं 5,000 ला घेतलं. त्यात चांदी 2,997 ची, म्हणजे वरचे 2,003 रुपये नाणेपणाचे. पुढे चांदी 150 झाली आणि नाणं 7,000 ला गेलं. मजकूरवाला म्हणेल, चाळीस टक्के नफा. पण आता आतली चांदीच 5,994 ची आहे. नाणेपणाची किंमत 2,003 वरून 1,006 वर आली, म्हणजे जवळपास अर्धी. त्याच 5,000 ची साधी चांदी घेतली असती तर ती 66.67 ग्रॅम आली असती आणि आज तिचे 10,000 झाले असते (मजुरी आणि कर सोडून). हे वजाबाकीचं गणित प्रत्येक व्यवहारात करा: विक्रीची किंमत वजा त्या दिवशीची चांदी. उरते ती खरी नाणेपणाची किंमत.

"सीलबंद आहे, म्हणजे अस्सल आहे."

प्लॅस्टिकची कॅप्सूल आणि छापील पुठ्ठा कुणीही बनवू शकतो. विचित्र दर्शनी किंमत मात्र बनावटीची खूण नव्हे. 75, 90, 125, 350, 550 रुपयांची नाणी सरकारनंच काढली आहेत. याउलट लक्ष्मी-गणपतीचं, दर्शनी किंमत नसलेलं चांदीचं गोल पदक म्हणजे नाणं नव्हेच, ते कितीही 'सरकारी' म्हणून विकलं तरी.

सुटं, अनसर्क्युलेटेड नाणं घरी तपासता येतं. 0.01 ग्रॅम दाखवणारा छोटा काटा लागतो. आधी कोरडं वजन घ्या. 35 ग्रॅमचं नाणं 34.65 ते 35.35 मध्ये बसलं पाहिजे. मग काट्यावर शुद्ध पाण्याची वाटी ठेवून आकडा शून्य करा. नाणं बारीक दोऱ्यानं बांधून पाण्यात पूर्ण बुडवा, पण तळाला किंवा काठाला टेकू देऊ नका. काटा जो आकडा दाखवेल तो नाण्यानं बाजूला सारलेल्या पाण्याचं वजन. 50 टक्के चांदीच्या नाण्याला तो 3.67 च्या जवळ येतो, 40 ग्रॅम शुद्ध चांदीला 3.81 च्या जवळ. 35 ग्रॅमचं नाणं 3.9 किंवा जास्त दाखवत असेल, तर आत तांबं-निकेल किंवा पितळ असून वरून मुलामा असण्याचा संशय घ्या. नाण्याला चिकटलेला हवेचा बुडबुडा आकडा वाढवतो, म्हणून तो हलवून काढा आणि तीनदा मोजा. लोहचुंबकाला नाणं चिकटलं तर पुढचं काही करायलाच नको.

प्रूफ नाण्यावर हा प्रयोग करू नका. त्याच्या आरशासारख्या पृष्ठभागावर बोटाचा ठसाही कायमचा उमटतो. तिथे टाकसाळीचं मूळ बिल मागणं हाच मार्ग.

"कपाटात ठेवा आणि विसरा."

गोव्यात तर विसरूच नका. जून ते सप्टेंबर भिंती घामेजतात, खारी हवा किनाऱ्यापासून आत खोलवर येते, आणि चांदी हवेतल्या गंधकानं काळवंडते. मऊ पीव्हीसी प्लॅस्टिकच्या पाकिटांतून कालांतरानं चिकट हिरवट द्रव सुटतो आणि धातू खातो. अल्बम घेताना पाकिटं पीईटी किंवा मायलर प्लॅस्टिकची आहेत का हे विचारून घ्या. रबरबँड, वर्तमानपत्र, लोकर यांच्यातही गंधक असतं. नाणं 44 मिमीच्या कडक कॅप्सूलमध्ये, ती झिपच्या पिशवीत, ती घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलबरोबर ठेवा, आणि जेलचा रंग बदलला की ते वाळवा किंवा बदला.

चवथीच्या आधी घरातली समई-तांब्या चिंचेनं, सोलांनी, राखेनं घासतो त्याच हाताला नाणं लागू देऊ नका. आम्लानं वरचा थर जातो, घासण्यानं बारीक रेषा पडतात. चकचकीत दिसणारं घासलेलं नाणं संग्राहक एका नजरेत ओळखतो आणि भाव पाडतो. हिरवट चिकटा आलाच, तर शुद्ध अ‍ॅसिटोनमध्ये (नेलपॉलिश रिमूव्हर नव्हे, त्यात तेल आणि रंग असतात) काही मिनिटं बुडवून, न पुसता हवेवर वाळू द्या. खिडक्या उघड्या ठेवा, जवळ आग नको.

"जुनी पोर्तुगीज नाणी लाखांत जातात."

बहुतेक नाही. 'एस्तादो दा इंदिया' (पोर्तुगीज हिंदुस्थान) लिहिलेली 1958-59 ची सेंताव्हो आणि एस्कुदोची नाणी गोव्यातल्या असंख्य घरांत आहेत. रुपियांत (पोर्तुगीज राजवटीतल्या रुपयांत) 1947 ची 50 टक्के चांदीची आहे, 1952 ची तांबं-निकेलची. दोन्ही पांढरी दिसतात, म्हणून 1952 ची रुपिया चांदीच्या भावानं विकण्याचा प्रकार होतो. साल वाचा.

हणजुणच्या बुधवारच्या बाजारात किंवा पणजीत पर्यटकाला जुनं नाणं विकताना एक कायदा हमखास विसरला जातो. 1972 च्या पुरावस्तू कायद्यानं शंभर वर्षं झालेलं नाणं पुरावस्तू ठरतं आणि खासगी माणसाला ते देशाबाहेर नेता येत नाही. म्हणजे 1881-82 ची पोर्तुगालच्या लुईस राजाची रुपिया किंवा 1912 ची पोर्तुगीज प्रजासत्ताकाची रुपिया विमानातून नेणारा पाहुणा गुन्ह्यात अडकतो. शिक्षा किमान सहा महिने, कमाल तीन वर्षं. 1935 ची रुपिया अजून त्या शंभरात बसत नाही.

"वैष्णोदेवीचं नाणं, रिझर्व्ह बँकेत नोंदणी."

2012 चं हे नाणं सर्वसाधारण चलनात सोडलेलं आहे आणि त्यानं पाच रुपयांचीच वस्तू येते. अशी नाणी पोत्यानं जमवायचा विचार असेल, तर वर सांगितलेलं कलम 12 पुन्हा वाचा. रास्त गरजेपेक्षा पुष्कळ जास्त नाणी दर्शनी किमतीहून वेगळ्या भावानं विकण्यासाठी बाळगणंही त्यात मना आहे.

रिझर्व्ह बँकेनं 4 ऑगस्ट 2021 रोजीच जाहीर केलं की जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीशी तिचा संबंध नाही, त्यासाठी ती शुल्क किंवा दलाली मागत नाही, आणि तसा अधिकार तिनं कुणालाही दिलेला नाही. फसवणुकीचा क्रम ठरलेला असतो. आधी नाण्याचा फोटो मागतात, मग लाखांची बोली, मग शिक्का मारलेलं पत्र, मग 'नोंदणी'चे हजार-दोन हजार, ते भरले की 'जीएसटी', ते भरले की 'ना हरकत दाखला'. खरा खरेदीदार तुमच्याकडून कधीच पैसे मागत नाही. पैसे गेले असतील तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या मदतक्रमांकावर फोन करा, व्यवहाराचा क्रमांक आणि समोरच्याचा यूपीआय पत्ता हाताशी ठेवा, आणि त्याच दिवशी बँकेलाही लेखी कळवा. उशीर झाला की रक्कम पुढच्या खात्यांत फुटून जाते आणि गोठवायला काही उरत नाही.