आजोबा, वाट चुकलात का?

मला आजोबा म्हणणारा तो गृहस्थ माझ्यापेक्षा निदान सहा वर्षांनी मोठा होता, हे आधी नोंदवून ठेवतो. बाकीचं मग.

लंडन, शनिवार, मोन्युमेंट स्टेशन. मला वॉटर्लूला जायचं होतं. मुलाने बजावलं होतं, "बाबा, डिस्ट्रिक्ट लाइन सोडू नका. एम्बँकमेंटला उतरा, तिथून वॉटर्लू एकच स्टेशन." पण मी गाडीत नकाशा पाहिला. मोन्युमेंट आणि बँक ही दोन स्टेशनं एका इवल्याशा दांडीने जोडलेली, आणि बँकेहून वॉटर्लूला थेट गाडी, मधे एकही स्टेशन नाही. तीस वर्षं दादरला गाड्या बदललेल्या माणसाला हे पोराने शिकवायचं? उतरलो.

नकाशातली ती दांडी नखाएवढी आहे. प्रत्यक्षात ती म्हणजे एक जिना, मग सरकता जिना, मग बोगदा, मग आणखी एक बोगदा, जो पहिल्याचा जुळा भाऊ वाटतो, मग पाट्या. अगदी भरपूर पाट्या. फक्त त्या दर वळणावर मत बदलतात. जाहिरातीतली एक हसरी बाई तिसऱ्यांदा दिसली तेव्हा तिला नमस्कार करायचंच बाकी राहिलं होतं. मी पुटपुटलो. काय ते इथे लिहिता येणार नाही, पण अस्सल मराठी होतं.

"आजोबा, वाट चुकलात का?"

मागे वळून पाहिलं. कानटोपी, दोन स्वेटर, पांढरेशुभ्र बूट, खांद्याला कापडी पिशवी. मिशी मात्र काळीकुळकुळीत, म्हणजे रविवारची रंगरंगोटी. मुलाकडे सहा महिने आलेला निवृत्त माणूस दुरून ओळखू येतो. त्यालाही मी तसाच ओळखू आलो असणार, हे तेव्हा सुचलं नाही.

"वॉटर्लू अँड सिटी लाइन कुठून?" मी विचारलं.

"सांगतो ना. पण आधी सांगा, तुम्ही आत्ता उभे कुठे आहात?"

"बँकेत."

"चूक!" त्याला इतका आनंद झाला की त्याने पिशवी खाली ठेवली. माणसाने पिशवी खाली ठेवली की समजावं, आपला अर्धा तास गेला. "तुम्ही अधल्यामधल्या जागी आहात. मोन्युमेंट १८८४ सालचं. नाव आधी ईस्टचीप, थोड्याच दिवसांत बदललं. बँक वेगळं. दोन्हींचा संबंध नाही. १९३३ साली सरकते जिने घालून सोयरीक जुळवली."

"बरं. पण वॉटर्लू..."

"तिकडेच येतोय. वॉटर्लू अँड सिटी १८९८ ची, पण तिच्या स्टेशनाचं नाव नुसतं 'सिटी'. १९४० पर्यंत! मग १९००. फेब्रुवारीत एक कंपनी आली, जुलैत दुसरी. दुसरीचं तिकीट सरसकट दोन पेन्स. प्रत्येकाने आपापला खड्डा खणला, आपापलं दार काढलं. शेजाऱ्याला विचारायचं नाही."

म्हणजे भाऊबंदांच्या वाड्यासारखं. थोरल्याने ओटा अडवला म्हणून धाकट्याने मागून जिना काढला, मधल्याने भिंत फोडली, आणि शंभर वर्षांनी पाहुणा आला की त्याला न्हाणीघरातून माजघरात जावं लागतं. हे मी बोलून दाखवलं आणि घोडचूक झाली, कारण तो खूश होऊन माझा दंड धरून चालायलाच लागला.

सरकत्या जिन्यावर तो डावीकडे उभा राहिला. लंडनमध्ये उजवीकडे उभं राहायचं आणि डावी बाजू घाईवाल्यांना मोकळी सोडायची, हे लहान पोरालाही माहीत असतं. याला जिन्याचं साल माहीत, बाजू माहीत नाही. मागून "एक्स्क्यूज मी"ची माळ लागली. एका बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू या माणसाला मी पाळलाय.

सेंट्रल लाइनच्या फलाटावर तो थांबला. "वाका जरा. पाहा. या टोकाकडून ते टोक दिसतंय?" नव्हतं दिसत. फलाट केळ्यासारखा वाकडा. "इमारतींखालून बोगदा न्यायचा नाही म्हणून रस्त्याखालून नेला. वर रस्ता वळतो, खाली गाडी वळते. म्हणून गाडी आणि फलाट यांच्यात ही एवढी फट." त्याने विताने फट दाखवली. मी आज्ञाधारकपणे पाहिली. गाडी आली, गेली. तीही माझी नव्हती.

मग तो जरा गप्प झाला. "जानेवारी १९४१ मध्ये इथे बॉम्ब पडला," म्हणाला. "वरचं तिकीटघर कोसळलं. बरीच माणसं गेली. आसऱ्याला म्हणून खाली येत होती." एवढंच. पुढे काही सांगितलं नाही, आणि मीही घड्याळात पाहायचं थांबवलं. दहा सेकंद तो मला आवडला, हे कबूल करतो.

"हे सगळं तुम्हाला कसं माहीत?" मी विचारलं.

"मुलगा-सून दिवसभर कामात. बागेत थंडी वाजते. इथे ऊब असते." पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेत म्हणाला, "आणि आजोबा, तुमच्यासारखं कोणीतरी भेटतंच."

पुन्हा आजोबा! मला नातवंड नाही. मुलाचं लग्नही नाही. त्यासाठीच तर आलो होतो, मुलगी दाखवणार होता वॉटर्लूला, तीही अकरा वाजता. आणि सव्वाअकरा वाजून गेले होते.

एकदाचं ते आलं, वॉटर्लू अँड सिटी. "हे पाहा," तो हात पसरून म्हणाला, "इथला सरकता रस्ता, १९६० सालचा! चढावर सुद्धा सरकतो!"

सरकता रस्ता सरकत नव्हता. दिसतही नव्हता. पुढे लोखंडी जाळी ओढलेली आणि पाटी : ही गाडी शनिवार-रविवार बंद.

आम्ही दोघे त्या जाळीसमोर उभे राहिलो. माणसाला १८८४ पासूनची सालं पाठ, वार मात्र माहीत नाही. निवृत्त झाल्यावर शनिवार उरत नाही, कबूल. पण माझा होता ना!

खिशातला फोन थरथरला. "बाबा, तुम्ही पाऊण तास एकाच जागी दिसताय. बरं वाटतंय ना? ती कॉफी संपवून निघालीय."

"काळजी करू नका," तो म्हणाला. त्याने पिशवी पुन्हा खांद्याला लावली. "नॉर्दर्न लाइनने लंडन ब्रिज, तिथून ज्युबिलीने वॉटर्लू. आणि त्या वाटेवर ते चर्च आहे, सेंट मेरी वुलनॉथ. कंपनीने त्याच्या तळघरातली जुनी प्रेतं हलवून तिथे तिकीटघर केलं होतं. तेवढं दाखवतो. चला, आजोबा."