सीआयएन-१ म्हणजे कॅन्सरची पहिली स्टेज नव्हे

"सीआयएन-१ म्हणजे गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची पहिली स्टेज. सहा महिन्यांत पसरतो. लगेच पिशवी काढा. चारित्र्य शुद्ध असेल तर होत नाही. मुलींना लस देऊ नका, वांझ होतात." भिशीच्या ग्रुपवरचा हा मेसेज माझ्या जाऊबाईंना नेमका बायोप्सीचा रिपोर्ट आला त्याच आठवड्यात आला. त्यांचं जेवणावरून लक्ष उडालंय आणि भावजी ऑपरेशनसाठी पैसे जमवताहेत.

सीआयएन म्हणजे गर्भाशयमुखाच्या अस्तरातल्या पेशींमधला बिघाड. त्याचे १, २, ३ आणि कॅन्सरच्या स्टेज १, २, ३ यांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही. सीआयएनमध्ये बिघडलेल्या पेशी गर्भाशयमुखाच्या वरच्या अस्तरातच असतात: १ मध्ये त्याच्या खालच्या तिसऱ्या हिश्शात, ३ मध्ये जवळपास पूर्ण जाडीत. अस्तराखालचा पडदा शाबूत असतो. अस्तरात ना रक्तवाहिन्या ना लसिकावाहिन्या, मग पसरणार कुठून? पेशींनी तो पडदा ओलांडला की कॅन्सर, तोवर नाही. सीआयएन-१ ही तर बहुतेकदा एचपीव्ही विषाणू येऊन गेल्याची किंवा अजून असल्याची खूण, आणि तो संसर्ग शरीर सहसा वर्ष-दोन वर्षांत स्वतःच निपटतं.

सहा महिने कुठून काढले? न्यूझीलंडमधल्या ऑकलंडच्या नॅशनल विमेन्स हॉस्पिटलात १९६०-७०च्या दशकांत सीआयएन-३ असलेल्या काही बायकांवर उपचारच केले नाहीत. तुकडा तपासायला काढला आणि नुसतं बघत राहिले. अक्षम्य प्रकार. त्याचे आकडे २००८ साली 'लॅन्सेट ऑन्कॉलॉजी' या वैद्यकीय नियतकालिकात आले: अशा बायकांपैकी सुमारे ३१ टक्क्यांना कॅन्सर झाला, तोही ३० वर्षांच्या काळात. नीट उपचार मिळालेल्यांत ०.७ टक्के. हे सीआयएन-३ चं, १ चं नव्हे. ३ कडे दुर्लक्ष करू नये, एवढं मेसेजवाल्यांचं मान्य.

पण ३ लाही पहिला उपाय पिशवी काढणं हा नसतो. बिघडलेला भाग तारेच्या लूपने कापतात किंवा गोठवून नष्ट करतात, आणि बाई बहुधा त्याच दिवशी घरी जाते. बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या सर्रास काढल्याचं २०१९ मध्ये उघड झालं, सरकारला समिती नेमावी लागली. कॅन्सरची भीती घातल्याचं त्यातल्या कितीतरी जणींनी सांगितलं होतं. आता तेच काम फुकटात व्हॉट्सॲप करतंय! शिवाय सीआयएन-३ साठी पिशवी काढली तरी योनीच्या वरच्या टोकाची तपासणी पुढे करावीच लागते, हे मेसेजमध्ये नाही.

चारित्र्याचं म्हणाल तर विषाणू संबंधांतून पसरतो, हे खरं. पण संबंध आलेल्या बहुतेक सगळ्यांना तो कधी ना कधी होतो, एकाच नवऱ्याबरोबर संसार केलेल्या बाईलाही. नवऱ्यांच्या चारित्र्यावर मेसेजमध्ये एक ओळ नाही, असो.

एचपीव्हीच्या लसीने वांझपण येतं याला पुरावा नाही. तिच्यात जिवंत विषाणू नसतो, त्याच्या कवचाचं प्रथिन तेवढं असतं. पुण्याच्या सिरमची सर्व्हाव्हॅकही तशीच.