आबाजींच्या फोटोत माग नाही

आमच्या घरी आबाजींचा एकच फोटो आहे, स्टुडिओतला. अंगात कोट, तोही शेजाऱ्याचा मागून आणलेला, पाठीमागे पडद्यावर रंगवलेला बगीचा. जन्मभर नागपूरच्या पाचपावलीत मागावर बसून लुगडी विणली त्यांनी, पण फोटोत ना माग ना धोटा. आई म्हणते, कोष्टी, म्हणजे विणकर, दिसायचं नव्हतं त्यांना. हे मला अजून लागते.

परवा मोबाइलवर थॉमस टॉम्पियनचं चित्र पाह्यलं तेव्हापासून तर जास्तच. लंडनचा घड्याळजी, लोहाराचा पोरगा. राजे-राण्यांची चित्रं काढणाऱ्या नेलरनं त्याचं पोर्ट्रेट केलं आणि १६९७ मध्ये जॉन स्मिथनं ते तांब्याच्या पत्र्यावर उतरवून छापलं, हातात घड्याळ, खाली नाव. रंगवलेलं चित्र एका भिंतीवर राहते, पण छापलेलं किती घरी जाईल सांगता येत नाही, ज्याची घड्याळ घ्यायची ऐपत नाही त्यालाही माणूस चेहऱ्यानं ठाऊक होते. १७१३ मध्ये गेला तर राजे-राण्यांना पुरतात त्या वेस्टमिन्स्टर ॲबी चर्चमध्ये पुरायला जागा मिळाली त्याला. त्याच्याही आधी, १६५६ मध्ये, डच चित्रकार रेम्ब्रांटनं ॲम्स्टरडॅमचा सोनार यान लुट्मा छापला, म्हातारा खुर्चीत ऐटीत बसलाय आणि बाजूला टेबलावर हातोडी. हातोडी लपवली नाही राजेहो!

आणि आपल्याकडं? १९१६ मध्ये सरकारी अधिकारी रसेल आणि हिरालाल यांचे मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवरचे चार खंड निघाले, त्यात कोष्टी नाचतानाचा फोटो आहे, खाली जात लिहिली, त्यातल्या एकाचंही नाव नाही. छापून आली ती जात, माणूस नाहीच. मग आबाजींनी धोटा काहून धरावा हातात?

आजही तेच चालू आहे. गणपतीत चौकाचौकात फ्लेक्स लागतात, नगरसेवक, त्याचा भाऊ, वाढदिवसवाला, सगळे हात जोडून उभे, आणि ज्यानं मूर्तिकारांच्या चितार ओळीत महिनोन्‌महिने खपून मूर्ती घडवली त्याचं नाव कोपऱ्यातसुद्धा नाही. मूर्ती न्यायला जातो तेव्हा मात्र भावावरून घासाघीस करतो आपण. मला याचा खरंच राग येतो.

आमच्या मंडळाच्या मूर्तिकार काकांना मी विचारलं, काका, तुमचा फोटो फ्लेक्सवर लावू? म्हणे, थांब, हात धुऊन येतो, शर्ट बदलतो. मी म्हटलं, नाही काका, असेच बसा, कोरणी हातातच राहू द्या. फोटो काढलाय. मिटिंग रविवारी आहे, मंडळ नाही म्हणालं तर छपाईचे पैसे मी देतो, पण खाली नाव मोठ्या अक्षरात पाहिजे.