अभ्यासिका चालू द्या, पण एक टेबल आमच्यासाठी ठेवा

आधीच सांगून टाकतो, अभ्यासिकांना माझा विरोध नाही. पोलिस भरती, तलाठी, एमपीएससी करणारी पोरं खेड्यांतून येतात, घरी धड बसायला जागा नसते. वाचनालयातला पंखा आणि ट्यूबलाइट त्यांना मिळालीच पाहिजे. पण आमच्या धुळे-जळगावकडच्या बऱ्याच वाचनालयांत हल्ली दिसतं काय? पुढे हॉलभर गाइडं घेऊन बसलेली मुलं आणि मागच्या खोलीत कुलूपबंद कपाटं. माझं भांडण त्या कुलपाशी आहे.

मी चित्रं काढतो, पुस्तकांची मुखपृष्ठं करतो, लग्नपत्रिकाही करतो (पोट आहे ना भाऊ). माझ्यासारख्याला वाचनालयातून जे हवं असतं ते नेमकं त्या कपाटांत असतं. जुने बांधीव अंक. निर्णयसागर छापखान्याच्या खिळ्यांनी (म्हणजे धातूच्या अक्षर-ठशांनी) छापलेली पुस्तकं, ज्यांतलं एकेक अक्षर नुसतं बघत बसावं. चित्रकार दीनानाथ दलालांच्या मुखपृष्ठांचे दिवाळी अंक. खान्देशातल्या माझ्या वयाच्या बहुतेकांनी चित्रप्रदर्शन नावाची गोष्ट मोठेपणीच पाहिली. त्याआधी पदराची घडी एका रेघेत कशी सोडतात, सावलीत जांभळा कसा मिसळतात, हे आम्ही दिवाळी अंकांच्या कव्हरांवरूनच शिकलो. आमचं आर्ट स्कूल म्हणजे तेच.

आणि त्या कव्हरांचं होतं काय? अंक बांधायला दिले की बाइंडर आधी कव्हरं टरकावतो, जाहिरातींची पानं काढतो, कडा सपाट कापतो, वर काळं रेक्झिन चढवतो. पुस्तकांचीही तीच गत. एका वाचनालयात (नाव नको) मी हे डोळ्यांनी पाहिलंय. पायाशी रंगीत कव्हरांचा ढीग, सगळी रद्दीत जाणार. विचारलं तर संचालक म्हणाले, "आते कोन वाचस भो पुस्तकं? मजबूत झाली म्हणजे झालं." मजबूत झाली, खरंय. पण मुखपृष्ठकार कोण होता, रंग किती होते, नाव कुठल्या अक्षरात होतं, हा सगळा इतिहास त्या दुपारी किलोच्या भावाने गेला. मजकूर शाबूत राहिला म्हणजे पुस्तक राहिलं, अशी आपली समजूत आहे. चित्रकाराला विचारा.

बाइंडरला दोष देत नाही. त्याला नगाप्रमाणे पैसे मिळतात, तेही तुटपुंजे. कसबी माणूस असेल तर काम बघण्यासारखं असतं. सुटे झालेले जुज (दुमडलेल्या पानांचे छोटे गठ्ठे) एकावर एक ठोकून सरळ करायचे, पाठीवर करवतीने खाचा पाडायच्या, दाभणाने दोरा ओवत प्रत्येक जुज आधीच्या जुजाला अडकवायचा. खळ शिजवताना चिमूटभर मोरचूद टाकायचा, म्हणजे कसर लागत नाही. मग पाठीला कापडाची पट्टी, रात्रभर शिकंज्यात, म्हणजे पुस्तक दाबायच्या लाकडी यंत्रात, दाब. असं शिवलेलं पुस्तक टेबलावर उघडं ठेवलं तर उघडंच राहतं. आजची नुसत्या डिंकावर चिकटवलेली पुस्तकं दुसऱ्या वाचनात पानं सोडतात. हे काम शिकायचं कुठे? जिथे जुनी पुस्तकं आहेत तिथेच, म्हणजे वाचनालयात.

खान्देशाला हे परकं नाही, हे मला वाचनालयातच कळलं. 1880 सालचं खान्देशचं इंग्रजी गॅझेटियर हा सरकारी ग्रंथ. संदर्भ विभागात असतो, घरी मिळत नाही, म्हणून तिथेच बसून वाचला. एरंडोल आणि यावल ही आपली गावं एकेकाळी देशी कागदासाठी प्रसिद्ध होती. यावलचं तर नीळही. आज एरंडोल म्हटलं की लोकांना हायवे आठवतो. चिंध्या, जुनी गोणपाटं कुटून लगदा करायचा, साच्यावर एकेक ताव उचलायचा, वाळल्यावर खळ लावून गुळगुळीत दगडाने घोटायचा. त्या कागदाला ओबडधोबड म्हणून नावं ठेवत, पण हातकागद शतकं टिकतो. गिरणीतला लाकडाच्या लगद्याचा कागद मात्र आतल्या आम्लाने पिवळा पडून पन्नाशी-साठीतच पापडासारखा मोडतो.

टिकलेलं पाहायचं तर धुळ्याला जा. शं. श्री. देव या धुळ्याच्या वकिलांनी 1893 मध्ये सत्कार्योत्तेजक सभा काढली आणि मठामठांतून रामदासी बाडं, म्हणजे हस्तलिखितांचे गठ्ठे, गोळा केली. समर्थ वाग्देवता मंदिरात ती आहेत, समर्थांच्या हातचं मानलं जाणारं वाल्मीकि रामायणही आहे. त्याच गावात 31 डिसेंबर 1926 ला इतिहासाचार्य राजवाडे गेले आणि त्यांच्या दप्तरांसाठी राजवाडे संशोधन मंडळ उभं राहिलं. आपण या जागा भक्तांच्या आणि इतिहासकारांच्या म्हणून सोडून दिल्यात. सुलेखन शिकणाऱ्या पोराने जुनी पोथी जवळून बघावी. बोरूचा तिरपा काप, समास आखलेल्या दोन रेघा, चुकलेल्या अक्षरावर फासलेला पिवळा हरताळ आणि त्यावर पुन्हा लिहिलेलं अक्षर. कॉम्प्युटरवर फॉन्ट निवडणाऱ्याने हे एकदा तरी बघितलं पाहिजे.

यावर कुणीतरी हमखास म्हणतं, बहिणाबाईंना कुठे लिहिता-वाचता येत होतं? नव्हतंच. पण त्यांच्या मुलाने, सोपानदेवांनी त्या ओव्या कागदावर उतरवल्या, 1952 मध्ये पुस्तक झालं, म्हणून आसोद्याचा, त्यांच्या माहेरचा शब्द आपल्यापर्यंत आला. वाचनालयाविरुद्ध हा पुरावा देऊ नका.

दुसरं टोक चाळीसगावात आहे. केकी मूस हा छायाचित्रकार इंग्लंडहून शिकून आला आणि स्टेशनजवळच्या बंगल्यात जवळपास आयुष्यभर स्वतःला कोंडून घेतलं. घराला नाव दिलं रेम्ब्रांट्स रिट्रीट. टेबलावर भाजीपाला, काड्या, कागद मांडून तो असा देखावा उभा करायचा, की फोटोत खरंच बर्फ पडतोय असं वाटावं. बाहेरचं जग त्याच्याकडे पुस्तकांतून यायचं. पण त्याला स्वतःचा संग्रह करणं परवडलं. शेतमजुराच्या चित्रं काढणाऱ्या मुलीला परवडणार नाही. चित्रकलेचं एक चांगलं छापलेलं पुस्तक दोन-तीन हजारांच्या घरात जातं आणि मार्चएंडला जास्त कमिशनवर गठ्ठ्याने होणाऱ्या खरेदीत ते कधीच बसत नाही. अनुदानाचा हिशेब लावताना पुस्तकांची संख्या दाखवणं सोपं पडतं, पुस्तक कसं आहे हे कोण विचारतंय? ग्रंथपालांनाही काय बोलणार, त्यांचा पगार ऐकला तर पोस्ट दुसरीच लिहावी लागेल.

पैसे नसताना काय होतं, ते साने गुरुजींनी अमळनेरात दाखवलंय. प्रताप हायस्कूलच्या छात्रालयात ते मुलांसाठी रोज हाताने लिहून दैनिक काढायचे. छापखाना नाही, वर्गणी नाही. 2024 च्या फेब्रुवारीत त्याच अमळनेरात साहित्य संमेलन झालं, समोर विद्रोही साहित्य संमेलनही झालं, मांडव दणदणीत होते. मांडव उतरल्यावर तालुक्यातल्या वाचनालयांत लिहिणाऱ्या-चितारणाऱ्यांसाठी काय उरलं, हा माझा प्रश्न दोन्ही मांडवांना आहे.

मला फार मोठं काही नको. आठवड्यातून एक दुपार कपाटं उघडा. कव्हरं फाडू नका, बांधताना आतच शिवून घ्या, खर्च फारसा वाढत नाही. शाळेतल्या पोरांनी हस्तलिखित अंक केला तर त्याला रीतसर दाखल नंबर द्या, शिक्का मारा, कपाटात ठेवा. आपलं लिहिलेलं वाचनालयाच्या रजिस्टरात चढलंय, हे बघून दहावीचं पोर पुन्हा लिहायला बसतं, हे मी पाहिलंय. आणि एक टेबल द्या, खळ सांडली तरी चालेल असं.

आमच्या वाचनालयाने हो म्हटलंय, रविवारी दुपारी, अभ्यासिकेच्या मागची खोली. दोरा, पुठ्ठा, रेक्झिन मी आणतो. खान्देशात कुणाकडे बाइंडिंगचा जुना लाकडी शिकंजा माळ्यावर पडून असेल तर मेसेज करा. धुळे, चोपडा, शिरपूर कुठेही, न्यायला मी येतो.