लहान मुलांना आधी छोटं प्राणिसंग्रहालय दाखवा

ज्यांच्या घरी तीन ते सात वर्षांची मुलं आहेत त्यांच्यासाठी हे लिहितेय. मुलांना प्राणी दाखवायला न्यायचं असेल तर सुरुवात छोट्या प्राणिसंग्रहालयापासून करा. हत्ती-वाघ-सिंह-जिराफ नसतील तिथे. हरणं, माकडं, घुबड, अजगर, साळिंदर, कासवं, चार शेळ्या आणि ससे असले की झालं. एवढं त्या वयाच्या मुलांना पुरून उरतं.

आम्ही नुकतेच सगळे मिळून जाऊन आलो, सासूबाईंसकट. धाकटी तीन वर्षांची आहे, ती कासवांपाशी जी बसली ती उठायचं नावच घेईना. एक कासव पालेभाजीचं पान ओढून ओढून खात होतं आणि ही त्याच्या प्रत्येक घासाबरोबर आपलंही तोंड हलवत होती. मोठ्या ठिकाणी आपण काय करतो? "चल चल, पुढे वाघ आहे" म्हणून मूल उचलतो, कारण अजून अर्धा नकाशा बघायचा राहिलेला असतो आणि ऊन चढत असतं. छोट्या ठिकाणी ती घाईच नाही. सगळं बघून पुन्हा कासवांकडे येता येतं. आम्ही तसे आलोही.

तिथे तिने विचारलं, "आजी, ते घरातून बाहेर का येत नाही?"

"अगं, घर नाही ते. ती त्याची पाठच आहे," आजी म्हणाली.

आणि ते अगदी खरं आहे. कासवाच्या कवचात त्याच्या बरगड्या आणि पाठीचा कणा जोडलेला असतो, त्यामुळे कवच सोडून बाहेर येणं त्याला शक्यच नाही. त्या कवचाला स्पर्शही कळतो. हे ऐकल्यावर धाकटीने हात मागे नेऊन स्वतःची पाठ चाचपून बघितली. थोड्या वेळाने एक मुलगा कासवाच्या पाठीवर काठी आपटायला लागला, तर ही त्याला म्हणाली, "त्याला लागतं." मला त्या दिवसाचं मोल तिथेच मिळालं.

थोरला सहा वर्षांचा. त्याला शेळ्यांच्या डोळ्यांनी धरून ठेवलं. शेळीच्या डोळ्यातली बाहुली आडवी असते, लांबट पट्टीसारखी. तिला त्यामुळे आजूबाजूचं दूरवरचं दिसतं आणि शत्रू लवकर कळतो. मजा पुढे आहे: चरायला मान खाली घातली तरी ती बाहुली जमिनीला समांतरच राहते, कारण डोळा खोबणीत फिरतो. थोरला गवताची काडी वर-खाली धरून हे पुन्हा पुन्हा तपासत राहिला. घुबडाचं याच्या उलट. त्याला डोळे फिरवताच येत नाहीत, म्हणून ते मान फिरवतं, एका बाजूला जवळजवळ 270 अंशांपर्यंत. त्याच्या मानेत 14 मणके असतात. आपल्या मानेत 7, आणि जिराफाच्याही 7च.

अजगराच्या काचेसमोर मात्र माझा जीव तुटला. मोठी माणसं काचेवर टकटक करत होती, "झोपलाय का बघ". सापाला पापण्या नसतात, डोळ्यावर पारदर्शक खवल्याचं आवरण असतं, त्यामुळे तो झोपला असला तरी डोळे उघडेच दिसणार. आणि कंपनं त्याला चांगली जाणवतात. त्याला दिवसभर असं ठोकून उठवणं ही क्रूरता आहे, आणि मुलं ती आपल्याकडूनच शिकतात.

मग थोरल्याने तो प्रश्न विचारला जो प्रत्येक मूल कधी ना कधी विचारतं: "याने काय केलं म्हणून याला कोंडलंय?"

या प्रश्नाला "अरे, इथे त्याला छान खायला मिळतं" असं उत्तर देऊन मोकळं होऊ नका. मी त्याला सांगितलं की त्याने काहीच केलेलं नाही, आणि सगळ्याच प्राण्यांना पिंजरा मानवत नाही. 1907 मध्ये जर्मनीत कार्ल हागेनबेक या प्राण्यांच्या व्यापाऱ्याने आपल्या प्राणिसंग्रहालयात गज काढून खंदकांमागे प्राणी ठेवायला सुरुवात केली. बघणाऱ्याला ते मोकळं वाटतं, पण प्राण्याची गरज तेवढ्याने भागत नाही. 2003 मध्ये रॉस क्लब आणि जॉर्जिया मेसन या दोन संशोधक बाईंनी दाखवून दिलं की जंगलात ज्यांचा वावर फार मोठ्या प्रदेशात असतो ते मांसाहारी प्राणी बंदिवासात सर्वात जास्त त्रासतात, एकाच वाटेवर येरझारा घालत राहतात. ध्रुवीय अस्वल त्यातलंच. म्हणून माझं ठाम मत आहे की छोट्या प्राणिसंग्रहालयाने गर्दी खेचायला असे प्राणी आणूच नयेत. नीट सांभाळता येतील असे थोडे प्राणी ठेवावेत.

दुसरी बाजूही मुलांना सांगायला हवी. प्रझेवाल्स्की घोडा, म्हणजे मध्य आशियातला रानघोडा, 1960 च्या दशकाअखेर रानातून संपला होता. प्राणिसंग्रहालयांत उरलेल्या मोजक्या घोड्यांच्या वंशजांना 1992 पासून मंगोलियात परत नेलं. अरबी ओरिक्स, म्हणजे वाळवंटातला लांब शिंगांचा हरणासारखा प्राणी, 1972 मध्ये रानातून गेला आणि 1982 मध्ये ओमानच्या वाळवंटात परत सोडला गेला. सहा वर्षांच्या मुलाला दोन्ही गोष्टी एकदम कळतात का? कळतात. त्याने विचारलं, "मग याला कधी सोडणार?"

तिथे एक कोल्हा जाळीच्या कडेने सारखा फिरत होता. आम्ही तिथल्या प्राणीरक्षकांना विचारलं. त्यांनी उत्तर टाळलं नाही. खायची वेळ जवळ आली की तो असा फिरतो, म्हणाले, आणि म्हणून ते रोज त्याचं खाणं वेगवेगळ्या ओंडक्यांच्या फटींत लपवून ठेवतात. मग आमच्यासमोरच लपवलं. कोल्हा नाक लावून एकेक फट शोधायला लागला, येरझारा थांबल्या. मुलं श्वास रोखून बघत होती. प्राणी काही करताना दिसला की मुलांना त्याला डिवचावंसं वाटतच नाही, हे मी तिथे बघितलं.

एक व्यवहाराचं: शेळ्या-सशांना हात लावल्यावर साबण आणि पाण्यानेच हात धुवा, नुसतं सॅनिटायझर पुरत नाही. पाच वर्षांखालच्या मुलांना प्राण्यांकडून येणाऱ्या जंतुसंसर्गाचा धोका जास्त असतो. आणि खाणंपिणं हात धुतल्यानंतरच.

अशी छोटी ठिकाणं चालवणाऱ्यांकडे माझ्या दोन मागण्या आहेत. बघायची काच किंवा जाळी जमिनीपासून सुरू करा, कारण कमरेएवढ्या कठड्यामागून तीन वर्षांच्या मुलाला फक्त कठडा दिसतो. आणि प्रत्येक पिंजऱ्यासमोर सावलीत एक बाक ठेवा. आजी बसेल, आणि मग नातवंडांना हवं तितका वेळ थांबता येईल.