हलशीचं देऊळ हेमाडपंती का नव्हे : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार दादा,

बेळगाव जिल्ह्यातल्या हलशीच्या भूवराह-नरसिंह मंदिरावरच्या माझ्या लेखाबद्दल तुम्ही मला चांगलंच झाडलंत. तुमचं म्हणणं असं की देऊळ हेमाडपंती आहे, ते गोव्याच्या कदंब राजघराण्याच्या नावावर लावून मी आपला वारसा परक्यांच्या पदरात टाकला, समोरासमोरच्या दोन गाभाऱ्यांचा ‘वास्तुदोष’ लपवला आणि वर जैन बस्तीचा (म्हणजे जैन मंदिराचा) विषय उगाच घुसडला. सीमाभागात राहतो आपण, हा राग कुठून येतो ते मला ठाऊक आहे. पण तारखा काही आपल्या रागाला विचारून ठरत नाहीत.

ज्याच्या नावावरून ‘हेमाडपंती’ म्हणतात तो हेमाद्री पंडित देवगिरीच्या महादेव यादवाच्या दरबारातला. महादेव गादीवर आला 1261 च्या सुमाराला. हलशीचा शिलालेख कलियुगाच्या 4270 व्या वर्षाचा, म्हणजे इसवी सन 1169 चा. गोव्याच्या कदंबांना शकापेक्षा कलिवर्ष लिहायची हौस होती, तेवढ्यावरूनही घराणं ओळखू येतं. यादवांचा जोर इकडे वाढला तो नंतर, यादव राजा सिंघणाचा सेनापती बीचण याने तेराव्या शतकात बेळगावकडच्या रट्ट घराण्याला आणि कदंबांना नमवलं तेव्हा. जुनं दगडी देऊळ दिसलं की आपण सरसकट हेमाडपंती म्हणून मोकळे होतो. गप्पांत चालतं ते, लेखात कसं चालेल?

शिखरही बघा की हो. सिन्नरच्या यादवकालीन गोंदेश्वर मंदिरावर उभे पट्टे चढत जातात आणि त्यांच्यामध्ये इवल्या शिखरांच्या रांगा असतात. कदंबी शिखर आडव्या थरांनी, पायरीपायरीने निमुळतं होतं, कोरीवकामही बेताचंच. आणि कदंब परके कसे? त्यांच्या मुलखाचं नावच ‘पलसिगे बारा हजार’, आणि पलसिगे म्हणजे आपली हलशी!

आता दोन गाभारे. दोष कसला, या दोन कारकिर्दी आहेत. नरसिंहाचा लेख, म्हणजे वरचा 1169 चा, कदंब राजा शिवचित्त पेर्माडीच्या काळातला. समोरचा पाचेक फूट उंच भूवराह बसवला तो त्याचा भाऊ विष्णुचित्त विजयादित्य याने, 1186-87 मध्ये. (मन शिवाचं असलेल्या राजाच्या अमदानीत नरसिंहाचं देऊळ! त्या काळी यात कुणाला वावगं वाटलेलं दिसत नाही.) माझ्या मते धाकट्याने थोरल्याच्या देवासमोर मुद्दामच आपला देव आणून बसवला. ती चढाओढ होती की भाऊपणा, ते ज्याने त्याने ठरवावं. मंडपात उभं राहिलं की एका अंगाला नरसिंह, दुसऱ्या अंगाला वराह. देवाला पाठ दाखवू नये म्हणतात. इथे एकाला हात जोडले की दुसऱ्याला पाठ होतेच, इलाज नाही.

राहिली बस्ती. हलशीतच सापडलेल्या संस्कृत ताम्रपटात लिहिलंय की बनवासीच्या आधीच्या कदंब घराण्यातल्या मृगेशवर्मा राजाने वडिलांच्या स्मरणार्थ पलाशिकेत, म्हणजे हलशीत, जिनालय बांधलं आणि यापनीय, निर्ग्रंथ व कूर्चक या जैन पंथांच्या साधूंना 33 निवर्तनं (जमिनीचं जुनं माप) जमीन दिली. हे पाचव्या शतकातलं, म्हणजे नरसिंहाच्या सुमारे सातशे वर्षं आधीचं. गावाचा इतिहास सांगायचा तर सुरुवात तिथूनच करावी लागते. बस्तीची ओळ मी काढणार नाही.